काळ्या मातीवरच्या घरात पोर्सिलेन टाइल बसवताना: टप्पे, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

टाइल पोकळ वाजू लागली, सांध्यातून उचलली गेली किंवा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरळ भेग गेली, की दोष कंपनीला नाहीतर मिस्त्रीच्या हाताला दिला जातो. विदर्भातल्या खेड्यांत मात्र बहुतेक वेळा चूक टाइलचे खोके घरात येण्याआधीच झालेली असते: जोत्यात भरलेली काळी माती, कोबा (टाइलखालचा काँक्रीटचा थर) वाळण्याची वाट न पाहता सुरू केलेले काम, एप्रिलच्या उन्हातली घाई आणि पोर्सिलेनला साध्या सिरॅमिकची पद्धत लावण्याची सवय. पुढचे टप्पे दोन बाय दोन फुटांची पोर्सिलेन, म्हणजे दुकानात ‘व्हिट्रिफाइड’ या नावाने मिळणारी टाइल, खोल्यांत आणि सपरीत (ओसरीत) बसवण्यासाठी आहेत. काम स्वतः करायचे असो वा मिस्त्रीकडून करून घ्यायचे असो, टप्प्यांचा क्रम मोडू नये.

टप्पा १ : जमीन स्थिर आहे का, हे आधी ठरवावे

काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात ज्या भेगांत हाताचा पंजा जातो, त्याच मातीवर घर उभे असते, आणि पायाचे खोदकाम करताना निघालेली तीच माती, वाहतुकीचा खर्च वाचवण्यासाठी, जोत्याच्या आत परत लोटली जाते. अशा भरणीवरची जमीन दरवर्षी थोडी वर येते आणि थोडी खाली जाते. पोर्सिलेन टाइल कठीण असते, पण वाकत नाही. तिच्याखालची जमीन हलली की ती तडकते किंवा सुटते.

नवे घर किंवा घरकुल बांधत असाल, तर जोत्यात फक्त मुरूम भरावा. तो एकदम चार फूट न ओतता सहा ते नऊ इंचांच्या थरांत टाकावा, प्रत्येक थरावर पाणी मारावे आणि धुम्मस मारून ठोकून घ्यावा. नुसते पाणी सोडून ‘पावसाळ्यात आपोआप बसेल’ म्हणणे पुरेसे नाही, कारण मुरूम कोपऱ्यांत आणि भिंतीलगत कधीच नीट बसत नाही, आणि पुढे पहिली टाइल तिथेच पोकळ होते. उदईचे (वाळवीचे) औषध मारायचे असेल, तर तेही याच वेळी, कोबा पडण्यापूर्वी.

जुने घर असेल, तर आधी भेगा पाहाव्यात. जमिनीवर किंवा भिंतीच्या पायथ्याशी भेग असेल, तर तिच्यावर आडवी अशी सिमेंटच्या घोळाची बोटभर रुंद पातळ पट्टी ओढावी आणि शेजारी तारीख लिहावी. पट्टी पुन्हा तडकली, तर जमीन अजून हलते आहे. ही तपासणी उन्हाळ्याच्या शेवटी सुरू करून पावसाळा संपेपर्यंत ठेवली तरच तिला अर्थ आहे. नुसत्या हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक जमीन शांत दिसते.

जमीन हलत असेल, तर कारण बहुधा घराबाहेर सापडते. छपराची वळचण थेट पायथ्याशी गळते, न्हाणीचे सांडपाणी भिंतीलगत मुरते, किंवा कडुलिंबासारखे मोठे झाड एका बाजूची ओल ओढून घेते. त्यामुळे घराची एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी राहते. घराभोवती किमान तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला सिमेंटचा पट्टा टाकावा आणि पाणी नालीने दूर न्यावे. हा खर्च टाळून आतमध्ये महागडी टाइल घेणे म्हणजे पैसे मातीत घालणेच आहे.

सावधान: शेणाने सारवलेल्या मातीच्या जमिनीवर दोन इंच मसाला टाकून थेट टाइल बसवू नये. वरची माती काढून, मुरूम ठोकून, कोबा करूनच पुढे जावे.

टप्पा २ : कोबा

ठोकलेल्या मुरमावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, जोडावर तो सहा इंच एकमेकांवर घ्यावा, आणि त्यावर सिमेंट, रेती व गिट्टी १:४:८ या प्रमाणात घेऊन चार इंच जाडीचा कोबा टाकावा. प्लास्टिकचा फायदा असा की खालची ओल वर चढत नाही. पावसाळ्यात सांध्यांतून जी पांढरी भुकटी वर येते, तिचे मूळ बहुतेकदा याच ओलीत असते.

रेतीकडे लक्ष द्यावे. वर्धा, कन्हान किंवा वैनगंगेची चांगली रेती मिळाली तर प्रश्न नाही, पण नाल्यातली रेती गाळाची असते. काचेच्या बाटलीत निम्मी रेती घालून पाणी भरावे, जोरात हलवावे आणि काही तास ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या दहाव्या भागापर्यंत जात असेल, तर रेती धुतल्याशिवाय वापरू नये.

कोब्याला किमान सात दिवस पाणी मारावे. गोणपाट टाकून ओले ठेवले तर उत्तम. त्यानंतर तो एकूण २८ दिवसांचा होईपर्यंत टाइल लावू नये, कारण ताजा कोबा वाळताना आकसतो आणि वरची टाइल मात्र आकसत नाही.

तपासणी: दोन फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर अजून थांबावे.

यानंतर सपाटी. दहा फूट लांबीची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी कोब्यावर सगळ्या दिशांना फिरवावी. दोन फुटी टाइलसाठी पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. उंचवटे घासून काढावेत, आणि खोलगट भाग मसाल्याने भरून, तो भागही पाणी मारून पक्का होऊ द्यावा. जमीन खोलगट असली तर ‘टाइलखाली मसाला जास्त घेतला की झाले’ असे सांगितले जाते. मसाला वाळताना जिथे जाड असतो तिथे जास्त आकसतो आणि टाइलचा कोपरा खाली ओढतो. जुनी जमीन सिमेंट घोटून गुळगुळीत केलेली असेल, तर छिन्नीने टोचे मारून ती खडबडीत करावी. त्याशिवाय काहीही धरणार नाही.

टप्पा ३ : ऋतू आणि पाणी

दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचा पैसा हातात येतो आणि लग्नसराईच्या आधी घर सजवण्याचा बेत ठरतो. अडचण अशी की प्रत्यक्ष काम लांबत लांबत एप्रिल-मे गाठते. विदर्भातले ४५ अंशांचे ऊन आणि झळा यांत चिकटवण्याचा मसाला टाइल टेकवण्याआधीच वरून साय धरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. उन्हाळ्यातच करणे भाग असेल, तर काम पहाटे सुरू करून दहापर्यंत थांबवावे, खिडक्यांना ओली गोणपाटे लावावीत, आणि टाइल व मसाल्याच्या पिशव्या सावलीत ठेवाव्यात. मांडव दारात पडायला आठ दिवस उरले असतील, तर लग्न आहे त्याच जमिनीवर उरकावे, टाइल नंतर.

अकोला, बुलडाणा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कोब्याला आणि मसाल्याला वापरू नये. त्यातले क्षार सुकल्यावर पांढरे डाग बनून वर येतात. पिण्यायोग्य असेल तेच पाणी मिसळण्यासाठी वापरावे, अगदी टँकर सांगावा लागला तरी.

टप्पा ४ : मोजमाप आधी, खरेदी नंतर

दुकानदार खोलीचे चौरस फूट विचारतो, खोक्यावरच्या आकड्याने भागतो आणि वर एक-दोन खोकी सुचवतो. या हिशेबात एक गोष्ट सुटते: ‘दोन बाय दोन’ची टाइल खरे तर ६० सेंटिमीटरची असते, दोन फुटांची नव्हे, आणि दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१ सेंटिमीटर.

गिलावा झालेली १२ बाय १० फुटांची खोली घ्या. १२ फूट म्हणजे ३६५.८ सेंटिमीटर. दोन्ही भिंतींशी ६-६ मिलिमीटर मोकळी फट सोडली की ३६४.६ उरतात. ३ मिलिमीटरच्या सांध्यांनी सहा टाइल बसवल्या, तर पुढचा सांधा सोडून शेवटी जेमतेम २.८ सेंटिमीटरची पट्टी भरायची राहते. एवढी बारीक पट्टी पोर्सिलेनमधून नीट कापता येत नाही. मिस्त्री ती जागा सिमेंटने भरतो, वर स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी) दाबतो आणि भिंतीशी सोडायची फट कायमची बंद होते. योग्य मार्ग म्हणजे मध्ये पाच अखंड टाइल आणि दोन्ही टोकांना ३१.४ सेंटिमीटरचे तुकडे. असे दोन तुकडे एका टाइलमधून निघत नाहीत, म्हणून त्या दिशेला सहाऐवजी सात टाइल लागतात. १० फुटांच्या दिशेलाही हाच प्रकार होऊन पाचाऐवजी सहा लागतात. म्हणजे दुकानात क्षेत्रफळावरून ३२ टाइल, आठ खोकी, सांगितली जातात आणि जमिनीला प्रत्यक्षात ४२ टाइल लागतात. स्कर्टिंग आणि तुटफूट वेगळीच.

याच खोलीसाठी ८० सेंटिमीटरची टाइल पाहिली, तर लांबीत चार अखंड टाइल व ४३ सेंटिमीटरचा तुकडा, आणि रुंदीत तीन अखंड टाइल व सुमारे ६३ सेंटिमीटरचा तुकडा बसतो. एकूण २० टाइल. नासाडी कमी. मात्र टाइल मोठी झाली की टप्पा २ मधली सपाटी आणखी काटेकोर लागते. म्हणून टाइलचा आकार रंग पाहून नव्हे, तर कागदावर खोलीचा नकाशा काढून ठरवावा.

खरेदी करताना चार गोष्टी पाहाव्यात. टाइलच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाकावा, पोर्सिलेन ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही, त्यामुळे थेंब वरच राहतो, तर साध्या सिरॅमिकमध्ये तो बघता बघता मुरतो. दोन टाइल तोंडाला तोंड लावून धराव्यात आणि मधली पोकळी पाहावी, म्हणजे टाइल वाकलेली आहे का ते कळते. सर्व खोक्यांवर बॅच आणि शेडचा क्रमांक एकच असावा. सपरीसाठी चकचकीत टाइल घेऊ नये, कारण पावसाळ्यात चिखलाचे पाय आणि चकचकीत पोर्सिलेन यांचे जमत नाही.

चिकटवण्याचा तयार मसाला घेताना पिशवीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आणि व्हिट्रिफाइड टाइलसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा. दहा मिलिमीटर दात्यांच्या थापीने २० किलोची पिशवी साधारण ४० चौरस फुटांना पुरते.

टप्पा ५ : रेघा आणि कोरडी मांडणी

पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने (तिच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते) सर्व भिंतींवर एकाच उंचीची रेघ मारावी आणि तिथून खाली जागोजागी अंतर मोजावे. यावरून जमीन कुठे उंच आहे ते कळते, आणि दाराच्या पल्ल्याचा हिशेबही आत्ताच होतो. टाइल आणि मसाला मिळून साधारण १५ मिलिमीटर उंची वाढते; तेवढी जागा पल्ल्याखाली नसेल, तर सुताराकडून पल्ला आधी रंधून घ्यावा.

गावातल्या जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात. त्यामुळे भिंतीला धरून पहिली ओळ लावू नये. खोलीच्या मध्यावर लांबीची दोरी ताणून रेघ मारावी, तिच्यावर एका बिंदूपासून तीन फूट मोजून खूण करावी, आडव्या रेघेवर चार फूट मोजावे, आणि दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर पाच फूट येईपर्यंत आडवी रेघ सरकवावी. भिंत वाकडी असेल, तर वाकडेपण कडेच्या तुकड्यांत जाते आणि पलंगामागे किंवा धान्याच्या कोठीमागे लपते.

मग दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत एक ओळ आणि तिला आडवी एक ओळ मसाल्याशिवाय, सांध्यांचे प्लास्टिकचे तुकडे घालून मांडावी. कडेचा कोणताही तुकडा टाइलच्या एक तृतीयांशापेक्षा लहान येत असेल, तर रेघ सरकवावी. मांडताना तीन-चार खोक्यांतल्या टाइल मिसळून घ्याव्यात.

खोल्यांत जमीन सपाट ठेवावी, पण सपरीला बाहेरच्या बाजूला दर आठ फुटांना एक इंच उतार हवाच, आणि तो कोब्यात द्यायचा असतो. टाइल लावताना मसाल्याने उतार काढू नये.

टप्पा ६ : मसाला आणि टाइल

सिरॅमिक टाइल रात्रभर पाण्यात भिजवून, रेती-सिमेंटच्या ओलसर मसाल्यावर घोळ ओतून बसवण्याची पद्धत सगळीकडे आहे. ती पोर्सिलेनला लागू पडत नाही. पोर्सिलेनची पाठ घोळ शोषत नाही, त्यामुळे घोळ वाळला की टाइल नुसती वर टेकलेली राहते. पोर्सिलेन भिजवू नये. रेती-सिमेंटचा थर उंची मिळवण्यासाठी लागलाच, तर तो टाकून, पाणी मारून, पूर्ण पक्का होऊ द्यावा आणि त्यावर चिकटवण्याच्या मसाल्याने टाइल लावावी.

टाइलच्या पाठीवर भट्टीतली पांढरी भुकटी असते. ती ओल्या कापडाने पुसून टाइल कोरडी करावी. बोट फिरवल्यावर बोट पांढरे होता कामा नये.

मसाला कालवताना घमेल्यात आधी पिशवीवर लिहिलेले मोजके पाणी घ्यावे आणि त्यात पूड टाकावी. कालवून पाच मिनिटे तसाच ठेवावा आणि पुन्हा एकदा कालवावा. नंतर घट्ट वाटला म्हणून पाणी ओतू नये. त्याने मसाला मऊ होतो, पण पकड जाते. अर्ध्या तासात संपेल एवढाच मसाला कालवावा.

कोब्यावरची धूळ झाडून किंचित ओल करावी, पण पाणी साचू देऊ नये. थापीच्या सरळ बाजूने मसाल्याचा पातळ थर दाबून पसरावा, मग दातेरी बाजूने एकाच दिशेला समांतर रेघा ओढाव्यात. टाइलच्या पाठीवरही मसाल्याचा पातळ हात फिरवावा. टाइल टेकवून रेघांच्या आडव्या दिशेने थोडी मागेपुढे सरकवत दाबावी, म्हणजे रेघा मोडतात आणि मधली हवा निघून जाते. रबरी हातोड्याने हलके ठोकावे. शेजारच्या टाइलांशी उंची जुळवायला क्लिप आणि पाचर वापरावेत.

सावधान: चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे मसाल्याचे गोळे ठेवून टाइल दाबू नये. गोळ्यांमधली जागा पोकळ राहते आणि तिथेच लोखंडी पलंगाचा किंवा कपाटाचा पाय पडला की टाइल फुटते.

तपासणी: प्रत्येक दहा-बारा टाइलनंतर नुकतीच लावलेली एक टाइल उचलून पाठ पाहावी. खोलीत किमान ८० टक्के आणि न्हाणी-सपरीत ९५ टक्के भागावर मसाला चिकटलेला असला पाहिजे. पाठ कोरडी निघाली, तर मसाल्याने साय धरली आहे. पसरलेला मसाला खरवडून टाकून द्यावा, त्यावर पाणी शिंपडून तो जिवंत होत नाही.

सरळ काप हातकटरने घ्यावेत. दाराच्या चौकटीसारखे वळणाचे काप ग्राइंडरनेच होतात. ते अंगणात, तोंडाला धूळ अडवणारा मास्क लावून आणि डोळ्यांवर चष्मा ठेवून करावेत, कारण ही धूळ सिलिकाची असते आणि फुप्फुसात कायमची बसते. हातातल्या ग्राइंडरवर दुसऱ्याने बाटलीने पाणी ओतण्याची पद्धत सर्रास दिसते. अर्थिंग नसलेल्या घरात ती जिवावर बेतू शकते.

टप्पा ७ : सांधे

सांधा न ठेवता टाइलला टाइल भिडवणे देखणे दिसते म्हणून घरमालकच तसा आग्रह धरतो. उन्हाळ्यात टाइल प्रसरण पावतात. सरकायला जागा नसेल, तर दोन टाइल एकमेकींना ढकलून वर उठतात. आत किमान दोन, शक्यतो तीन मिलिमीटरचा सांधा ठेवावा. भिंतीशी सोडलेल्या फटीत मसाला, ग्राउट (सांधे भरण्याचे मिश्रण) किंवा कचरा जाऊ देऊ नये. सपरी उन्हात असेल, तर दर दहा फुटांना एक सांधा ग्राउटऐवजी सिलिकॉनने भरावा. खोली आणि सपरीच्या उंबरठ्यावरही तसाच.

ग्राउट २४ तासांनी भरावे. सांध्यातला वर आलेला मसाला आधी पात्याने काढावा. पांढरे सिमेंट भरू नये; ते महिन्याभरात पिवळे पडते आणि तडकते. खोल्यांना सिमेंटचे तयार ग्राउट पुरते. स्वयंपाकघर, न्हाणी आणि कूलरखालची जागा इथे मात्र एपॉक्सी ग्राउट घ्यावे. कूलरमधून महिनोन् महिने टपकणारे क्षारयुक्त पाणी साध्या ग्राउटला खाऊन खाली उतरते.

टप्पा ८ : स्कर्टिंग, वापर आणि नंतरच्या तपासण्या

स्कर्टिंग भिंतीला चिकटवावे, जमिनीला नाही. खालची बारीक फट सिलिकॉनने भरावी. एका दोन फुटी टाइलमधून चार इंची पाच पट्ट्या निघतात, त्यामुळे वर घेतलेल्या १२ बाय १० च्या खोलीला एक दार वगळून पाच टाइल पुरतात.

पहिले २४ तास खोलीला कुलूप लावावे, आणि लहान मुले असतील तर किल्लीही वर ठेवावी. सात दिवस कापसाची गाठोडी, तुरीची पोती किंवा पेट्या आत आणू नयेत, आणि नंतरही त्या ओढत न नेता उचलून न्याव्यात.

महिन्याने, आणि पहिला पावसाळा संपल्यावर पुन्हा, प्रत्येक टाइल लाकडाच्या ठोकळ्याने वाजवून पाहावी. एखाद्याच कोपऱ्याचा आवाज पोकळ येत असेल पण टाइल हलत नसेल आणि सांधा शाबूत असेल, तर तिला हात लावू नये. टाइल पाय ठेवताच हलत असेल, तर भोवतीचे ग्राउट कापून, ती मधून फोडून काढावी, खालचा जुना मसाला पूर्ण खरवडावा आणि नवी लावावी. एक अख्खी ओळ उचलली गेली असेल, तर टाइल बदलण्याआधी भिंतीलगतची फट उघडून पाहावी. ती सिमेंटने बुजलेली निघाली, तर आधी ती मोकळी करावी. या दुरुस्तीसाठी किमान चार टाइल आणि बॅच क्रमांक छापलेला खोक्याचा पुठ्ठा माळ्यावर जपून ठेवावा, कारण दोन वर्षांनी तीच शेड दुकानात मिळेलच असे नाही.